पंधरा वॅट आणि अण्णांचे कान

या पानांवरून मी आजवर आपल्याशी रक्तदाब, गुडघे, झोप आणि गोळ्यांच्या वेळा यांविषयी बोलत आलो आहे. आज मात्र गिटारच्या एका ॲम्प्लिफायरविषयी बोलणार आहे. आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशाला, असा प्रश्न आपल्याला पडणे साहजिक आहे. तो मलाही पडला होता. परंतु वृद्ध माणसाच्या कानाविषयी मला जे पुस्तकातून ठाऊक होते आणि तरीही ठाऊक नव्हते, ते या यंत्रामुळे समजले. त्याची किंमत माझ्या वडिलांनी डाव्या मनगटाने मोजली, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

मी मिरजेत व्यवसाय करतो. याच गावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि वसतिगृहात असताना गोव्याच्या एका वर्गमित्राकडून गिटार शिकलो. शिकलो म्हणजे बोटे कोठे ठेवावीत एवढे त्याने दाखविले. पुढे दवाखाना, संसार, घराचे हप्ते यांत ती गिटार कपाटावर पडून राहिली. हप्ते संपले त्या वर्षी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी मुंबईहून एक विजेची गिटार आणि व्हॉल्व्हवर चालणारा पंधरा वॅटचा ॲम्प्लिफायर आणला. व्हॉक्स या इंग्लिश कंपनीच्या एसी १५ या घराण्यातला. मूळ यंत्र १९५८ च्या सुमाराचे. बीटल्सनी वापरलेला एसी ३० हा त्याचा दुप्पट ताकदीचा थोरला भाऊ. वजन वीस किलोंच्या वर. आमच्याकडे पेटी म्हटले की लोक हार्मोनियम समजतात, त्यामुळे घरात या वस्तूला नाव मिळेना. ते वडिलांनी दिले. ते त्याला ‘तुझा रेडिओ’ म्हणू लागले.

आणि ते अगदी बरोबर होते. आपल्यापैकी जे सत्तरीच्या पलीकडे आहेत त्यांना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरविल्यावर लगेच आवाज येत नसे. आत हळूहळू तांबूस उजेड दिसे, अर्ध्या मिनिटाने गुणगुण सुरू होई, मग निवेदकाचा आवाज जणू विहिरीतून वर येई. त्या रेडिओचा परवाना काढावा लागे आणि दरवर्षी पोस्टात जाऊन तो नव्याने करून घ्यावा लागे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तार व टेलिफोन खात्यात होते. घरचा रेडिओ ते स्वतः उघडून दुरुस्त करीत. त्यांनी मला सहाव्या-सातव्या वर्षी शिकविलेली पहिली शास्त्रीय गोष्ट अशी, की रेडिओ बंद करून तार काढली तरी आत हात घालायचा नाही, कारण आतल्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहिलेली असते. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्येही आत तीनशे व्होल्टांच्या वर दाब असतो आणि हाच नियम लागू पडतो. नातवंडांच्या घरात अशी वस्तू असेल तर हे ध्यानी ठेवावे.

आता हे यंत्र मोठ्याने का वाजवावेसे वाटते ते सांगतो, कारण सगळी अडचण तेथे आहे. व्हॉल्व्हमध्ये एक तापलेला भाग इलेक्ट्रॉन सोडतो, समोरची पट्टी ते ओढून घेते आणि मधली जाळी त्या प्रवाहाला कमी-जास्त करते. १९०६ साली ली डी फॉरेस्ट याने ही जाळी बसविली आणि क्षीण विद्युतसंकेत मोठा करता येऊ लागला. जोवर आत जाणारा संकेत लहान आहे तोवर व्हॉल्व्ह तो इमानाने मोठा करतो. संकेत फार मोठा झाला की व्हॉल्व्हची मर्यादा येते. पण तो तेथे एकदम तुटत नाही, त्याच्या कडा गोल होऊ लागतात. मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे अंशस्वर निर्माण होतात, स्वर दाट होतो, त्याला किंचित खरखर येते, तार हळूच छेडली की निर्मळ आणि जोराने छेडली की कण्हल्यासारखी बोलते. जी गोष्ट रेडिओवर बातम्या ऐकताना दोष ठरली असती, ती गिटारवाल्यांनी गुण म्हणून उचलली.

मिरजेच्या माणसाला हे समजावून सांगण्यासाठी विजेची गरज नाही. आमच्या गावात सतारी आणि तंबोरे बनतात. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कारागीर किंचित वक्र घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवितो, आणि तार घोडीला जेथे पुसट घासून जाते तेथून तो अंशस्वरांचा झंकार उठतो. त्याला जवारी म्हणतात. जवारी बंद असलेला तंबोरा सुरात असूनही मुका वाटतो. व्हॉल्व्हची ती गोल कड म्हणजे गिटारची जवारी. फरक एवढाच, की तंबोरा अगदी हळू आवाजातही झंकारतो. माझ्या यंत्राची जवारी मात्र आवाज चढविल्यावरच उघडते. कारण ती एका ठिकाणी नसते. सुरुवातीचे छोटे व्हॉल्व्ह, शेवटचे मोठे व्हॉल्व्ह, बाहेर पडणारा ट्रान्स्फॉर्मर आणि स्पीकरचा कागदी पडदा, या सगळ्यांवर भार आला म्हणजे सगळे मिळून तो स्वर घडवितात.

पंधरा वॅट म्हणजे किती, असे मला वाटले होते. तेव्हाची ट्यूबलाइट चाळीस वॅटची. पण गिटारचा बारा इंची स्पीकर फार कार्यक्षम असतो. एका वॅटवर एक मीटर अंतरावर तो सुमारे ९८ डेसिबल आवाज देतो. पंधरा वॅटवर हा आकडा ११० च्या घरात जातो. खोली दहा बाय बारा फुटांची. आपण काय घरात आणले आहे याची कल्पना मला आली नव्हती, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. कल्पना होती. मी स्वतःची समजूत दोन गोष्टींनी घातली होती. एक, मी कधीही निम्म्याच्या वर बटण नेत नसे. आणि दुसरी, जी लिहिताना आज लाज वाटते: शेजारच्या खोलीत अण्णा असतात, पण अण्णांना कुठे ऐकू येते?

अण्णा तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते. दोन्ही कानांना श्रवणयंत्रे. आई गेल्यानंतर ते आमच्याकडे खालच्या मजल्यावर राहू लागले, दिवसभर त्यांच्याजवळ एक मावशी असत. संध्याकाळी दवाखान्याच्या दोन वेळांमध्ये मला तासभर मोकळा मिळे. मी वाजवू लागलो की अण्णा श्रवणयंत्रे काढून डबीत ठेवीत. मला वाटे, किती समजूतदार आहेत.

एका पावसाळी संध्याकाळी मी वाजवीत असताना मागच्या व्हरांड्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तो मला ऐकू आला नाही. मावशींनी येऊन माझ्या खांद्याला हात लावला तेव्हा समजले. अण्णा काठी न घेता व्हरांड्यात जात होते, उंबऱ्याला पाय अडखळला, सावरण्यासाठी डावा हात टेकला. मनगटाचे हाड मोडले. खुब्याचे मोडले नाही हे नशीब. सहा आठवडे प्लास्टर.

आपल्यापैकी जे वृद्धांची काळजी घेतात त्यांना ठाऊक आहे, की अशा वेळी घरातला डॉक्टर फारसा उपयोगी पडत नाही. मी उंबरा, चप्पल, दिवा, रक्तदाबाची गोळी, सगळ्यांना दोष देऊन पाहिला. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, “डॉक्टर, राग मानू नका. तुमचं वाजवणं सुरू झालं की आजोबा कानांवर हात धरून बसतात. मग उठून मागं जातात. रोजचंच आहे ते.”

“पण त्यांना तर ऐकू येत नाही, आणि यंत्रंही काढलेली असतात,” मी म्हणालो.

“आमचं बोलणं येत नाही हो ऐकू. तुमचा रेडिओ येतो.”

एम.बी.बी.एस. झालेल्या माणसाला ही गोष्ट मावशींनी सांगावी लागली. आपण सारे घरात एक संवाद ऐकत असतो. आजोबांना हाक मारावी तर “काय म्हणालास? जरा मोठ्याने बोल.” आपण मोठ्याने बोलतो तर “ओरडतोस कशाला? बहिरा नाही मी!” आणि घरातली माणसे डोळ्यांनी एकमेकांना खुणावतात, की वयाप्रमाणे चिडचिड वाढली आहे. ती चिडचिड नसते. तो आजाराचाच भाग असतो आणि वैद्यकीय भाषेत त्याला रिक्रूटमेंट असे नाव आहे.

ते घडते ते असे. अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग आहे, त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात जन्मतः सुमारे पंधरा ते सोळा हजार केशपेशी असतात. त्यांतल्या बाहेरच्या रांगेतील पेशींचे काम असे, की क्षीण आवाज आला तर त्याला बळ द्यायचे आणि मोठा आवाज आला तर आपले बळ काढून घ्यायचे. म्हणजे निसर्गाने आपल्या कानात एक ॲम्प्लिफायर बसविलेला आहे आणि त्याचे बटण आपोआप फिरते. वयाने, आवाजाच्या माऱ्याने, काही औषधांनी या पेशी झडतात, आणि एकदा गेलेल्या केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्या झडल्या की हळू आवाज ऐकूच येत नाहीत. पण मोठे आवाज तरुण माणसाला जितके मोठे वाटतात तितकेच मोठे वाटतात. मधली जागा आक्रसते. ऐकू न येणे आणि सहन न होणे यांच्यामध्ये फार अरुंद पट्टी उरते. तिला ओलांडणारा आवाज पायरी न दाखविता अंगावर येतो. श्रवणयंत्र काढल्याने फरक पडतो, पण यंत्र काढलेला कान म्हणजे बंद कान नव्हे.

यात एक वाईट जोड अशी. यंत्रे काढली की अण्णांना मावशींचे “काठी घ्या” हे शब्द ऐकू येत नव्हते. माझा आवाज टाळण्यासाठी ते बाकी सर्व आवाजांना मुकत होते.

मी त्यांना विचारले, “अण्णा, मला सांगितलं का नाहीत?” ते म्हणाले, “तुझा दिवस लोकांच्या कटकटी ऐकण्यात जातो. एक तास तुझा असतो. म्हटलं, वाजवू दे.”

यावर मी काय बोलणार होतो? ॲम्प्लिफायरवर चादर टाकली आणि गिटार कपाटावर गेली. हा शेवट मला मान्य होता, अण्णांना नव्हता. प्लास्टर निघाल्यावर श्रावणात एके दिवशी त्यांनी चादर उचलून पाहिली आणि मला हाक मारली. “पावसाळ्यात रेडिओ बंद ठेवू नये. आत दमट होतं. रोज थोडा वेळ चालू ठेवावा.” थांबून म्हणाले, “फक्त बारीक ठेव.”

बारीक ठेवणे ही एवढी अवघड गोष्ट असेल असे मला वाटले नव्हते. बटण एकावर आणले तर आवाज कमी झाला आणि स्वरही मेला. पातळ, बेचव, जवारी बंद. येथून पुढे मी जे केले ते सविस्तर सांगतो, कारण त्यातले बरेचसे आपल्या दूरदर्शन संचाला आणि नातवाच्या स्पीकरलाही लागू आहे.

प्रथम मी मोजमाप केले. मोबाइलमधले आवाजमापक अचूक नसतात, पण तुलनेला पुरतात. मी उभा राहून वाजवितो तेथे ८८ आणि दोन दारांपलीकडे अण्णांच्या खुर्चीवर, जेथे पंधरा फूट अंतर आहे, तेथे ८३. हे जुळेना. अंतराने आवाज याहून अधिक उतरायला हवा होता. मग मी खाली वाकलो आणि उत्तर मिळाले. बारा इंची स्पीकर खालचे स्वर सगळीकडे पसरवितो, पण वरचे टोकदार स्वर विजेरीच्या झोताप्रमाणे सरळ समोर फेकतो. यंत्र जमिनीवर होते. तो झोत माझ्या गुडघ्यांजवळून दारातून थेट अण्णांच्या खुर्चीत जात होता. उभ्याने मला स्वर मंद वाटे, म्हणून मी टोकदारपणा आणि आवाज दोन्ही वाढवीत असे, आणि वाढविलेले सगळे अण्णांच्या वाट्याला येई. वर्षभर मी माझ्या गुडघ्यांसाठी वाजवीत होतो.

यंत्र खुर्चीवर चढविले, थोडे मागे कलते केले, तोंड दाराकडून काढून कपड्यांच्या कपाटाकडे वळविले आणि मी त्याच्यासमोर स्टुलावर बसलो. एवढ्यानेच मला पूर्वीच्या निम्म्या आवाजात अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागले. खुर्चीच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवले, कारण खालचे स्वर हवेपेक्षा फरशीतून अधिक दूर जातात; इमारतीत राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरची पिठाची गिरणी कशी ऐकू येते ते आठवावे. दारावर आईने शिवलेली गोधडी टांगली. तिने वरचे स्वर मऊ झाले. खालच्या स्वरांना गोधडी अडवीत नाही, त्यांना दार लावणे हाच उपाय.

त्यानंतर वॅटांचा हिशेब. पुष्कळ जण सुचवितात, पंधरा वॅटचे विकून पाच वॅटचे घ्या. या सल्ल्यात फसगत आहे. कान वॅट मोजत नाही. शक्ती दहापट कमी केली तेव्हा कुठे आवाज साधारण निम्मा वाटतो. पंधरावरून पाचवर आल्याने जेमतेम पाच डेसिबल उतरतात. एक वॅटचे यंत्रही पूर्ण चढविले तर दहा बाय बाराच्या खोलीत कुकरच्या शिट्टीशी स्पर्धा करील. मी यंत्र ठेवले आणि त्याला एक ॲटेन्युएटर जोडला. हा छोटा धातूचा डबा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये बसतो. व्हॉल्व्हना वाटते आपण पूर्ण जोराने काम करतो आहोत. प्रत्यक्षात बहुतेक शक्ती डब्यात उष्णता होऊन जाते आणि स्पीकरला तिचा थोडासा अंश मिळतो. डबा चांगला तापतो, त्यावर कापड टाकू नये. त्याचे ओहम स्पीकरशी आणि यंत्राशी जुळले पाहिजेत आणि त्याची क्षमता यंत्राच्या वॅटांहून बरीच अधिक हवी. आणखी एक गोष्ट: आवाज नको म्हणून स्पीकरची तार काढून व्हॉल्व्हचे यंत्र कधीही चालवू नये. भार नसला की बाहेरचा ट्रान्स्फॉर्मर जळू शकतो. अण्णांनी हे मला न विचारता सांगितले.

तरीही काहीतरी उणे राहिले. वीस डेसिबल उतरविल्यावर स्वर पोकळ वाटे. यातला काही दोष स्पीकरचा. त्याचा पडदा आता हलतच नव्हता. पण मोठा वाटा आपल्या कानाचा आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले, की हळू आवाजात माणसाचा कान खालच्या स्वरांना बराच मंद होतो आणि मोठ्या आवाजात ती तफावत भरून निघते. जुन्या म्युझिक सिस्टिमवर ‘लाउडनेस’ असे बटण असे ते याचसाठी. म्हणजे स्वर यंत्रात होता, मलाच तो कमी ऐकू येत होता. मी खालच्या स्वरांचे बटण किंचित चढविले. फार नाही, कारण भिंती ओलांडतात ते तेच.

वरच्या स्वरांचे बटणही मी चढवीत गेलो, तेव्हा पत्नी दारातून म्हणाली, “हे किती टोचतंय!” मला तर ते गोड वाटत होते. मी तिच्याकडे पाहिले, यंत्राकडे पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेल्या मित्राकडे जाऊन श्रवणचाचणी करून घेतली. आलेख पाहताना मित्र काही बोलला नाही. चार हजार हर्ट्झपाशी दोन्ही कानांत खाच होती. आवाजाच्या माऱ्याने झिजलेल्या कानाची ती ठळक खूण आहे. रात्री उशीवर डोके टेकल्यावर ऐकू येणारी बारीक शिट्टी मी पंख्याची समजत होतो.

८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास, ही अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सुचविलेली मर्यादा. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटे. हे आकडे मी गिरणीतल्या आणि लोहारकामाच्या रुग्णांना सांगत आलो आहे. एखादा ॲम्प्लिफायर हेडफोन लावून वाजविता येतो आणि घरच्यांना त्रास होत नाही, असे कोणी सांगेल. पण त्यात घरच्यांचे कान वाचतात, वाजविणाऱ्याचे वाचतीलच असे नाही. मी तो मार्ग सोडून दिला. आता वरच्या स्वरांचे बटण पत्नी ठरविते. झिजलेल्या कानाने स्वराची पारख करू नये. आपल्या घरातही दूरदर्शनचा आवाज कोणाच्या कानाने ठरतो, ते एकदा पाहावे.

त्या दूरदर्शनविषयी दोन शब्द. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून सगळ्या खोलीचा आवाज वाढविण्यापेक्षा आवाज त्यांच्याजवळ आणावा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की सहा डेसिबल फुकट मिळतात. खुर्ची पुढे घ्यावी किंवा खुर्चीच्या हाताशी छोटा स्पीकर ठेवावा. बोलताना समोर बसून, चेहऱ्यावर उजेड ठेवून, सावकाश बोलावे. वयाने वरचे स्वर आधी जातात, त्यामुळे स, श, फ, थ ही व्यंजने हरवतात आणि ओरडल्याने ती परत येत नाहीत. मोठे आवाज सोसवत नसतील तर श्रवणयंत्र बसविणाऱ्याला तसे स्पष्ट सांगावे. यंत्राच्या कमाल आवाजाची मर्यादा खाली आणता येते. अण्णांची तशी आणून घेतली, आणि यंत्रे आता डबीपेक्षा कानात अधिक असतात. कानात मळ आहे का हे आधी पाहून घ्यावे, काडी-पिन घालून नव्हे, डॉक्टरांकडून. आणि एका कानाने अचानक, दिवसा-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर थांबू नये, त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जावे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोषाची गणना केली आहे, तेव्हा “वय झालं, चालायचंच” असे म्हणून सोडून देण्याजोगी ही बाब राहिलेली नाही.

शेवटचे मोजमाप असे: माझ्या स्टुलापाशी ६७, दार लावून अण्णांच्या खुर्चीवर ४६. स्वर पूर्वीचा आहे का? नाही. छातीवर येणारी ती थाप गेली, ती हवा हलल्याशिवाय मिळत नाही आणि ती परत आणण्याचा दावा करणाऱ्या डब्यांवर माझा विश्वास नाही. पण जवारी उघडी आहे. गिटारवरचे बटण थोडे उतरवून तार हळू छेडली तर निर्मळ, जरा जोर दिला तर कण्हणारी. बोटांचा जोर मी शिकलो तो आता, पन्नाशीनंतर.

दार मात्र फार दिवस बंद राहिले नाही. गौरी-गणपतीच्या आसपास अण्णा काठी घेऊन खोलीत आले आणि यंत्राच्या मागच्या बाजूने वाकून पाहू लागले. “आत कुठले व्हॉल्व्ह आहेत?” मी म्हणालो, “शेवटचे दोन ईएल ८४.” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी एखाद्या जुन्या सहकाऱ्याचे नाव घेतले आहे. आमच्या घरच्या रेडिओत शेवटी तोच व्हॉल्व्ह होता, एकच. तो त्यांनी दोनदा बदलला होता, आणि दुसऱ्या वेळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा घातला होता. हे सांगताना त्यांचा बरा झालेला डावा हात खोक्याच्या लाकडावर टेकलेला होता. “वाजव,” ते म्हणाले. “हाताला कळतंय.”

आता रोज साडेपाचला ते यंत्र स्वतः चालू करतात, तांबूस उजेड येईपर्यंत थांबतात आणि मग मला हाक मारतात. आवाज किती ठेवायचा तेही तेच सांगतात. बोट वर केले की वाढव, तळहात खाली केला की पुरे. तळहात जेथे खाली येतो ती जागा मावशींनी आपल्या कपाळाची लाल टिकली लावून पट्टीवर पक्की केली आहे. यंत्राच्या उष्णतेने ती महिन्यातून एकदा सुटते. नवी लावण्याआधी मावशी अण्णांना विचारतात, आणि मागच्या खेपेला अण्णांनी ती अर्ध्या घराने पुढे सरकवायला सांगितली.